पऱ्हाटीचा बायोचार : काळ्या जमिनीत खरंच फरक पडतो का?

वणीकर (यवतमाळ)

नमस्कार मंडळी. वणीकडची कोरडवाहू शेती आहे आमची, भारी काळी जमीन, सात एकर कापूस अन् बाकी तूर-सोयाबीन. दरसाल जानेवारी-फेब्रुवारी आली की तोच प्रश्न, पऱ्हाटीचं (कापूस वेचल्यावर उरलेल्या झाडाच्या काड्यांचं) करायचं काय. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं जे हाल केले तेव्हापासून फरदड (हंगाम संपल्यावरही पीक राखून घेतलेला जास्तीचा कापूस) घेणं बंदच केलं, पऱ्हाटी लवकर उपटतो, मजूर लावून चिमट्यानं उपटून घेतो, धुऱ्यावर ढीग लावतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा काडी लावून मोकळा होतो. आधी बाया सरपणाला मोळ्या बांधून नेत, आता गॅस आल्यापासून तेवढ्या नेत नाहीत. श्रेडर भाड्यानं आणावा म्हटलं तर आमच्याकडं एकच आहे आणि नंबर लागेलागेपर्यंत पऱ्हाटी एवढी कडक होते की मशीनवालाच नाही म्हणते.

आता यूट्यूबवर जिकडं पाहावं तिकडं बायोचार, म्हणजे काडीकचरा कमी हवेत भाजून केलेला, जमिनीत टाकायचा कोळसा. काळं सोनं म्हणे, हजार वर्ष जमिनीत राहते म्हणे. त्यात एक जण चारचाकी घेऊन गावात आला, तुमच्या पऱ्हाटीचा बायोचार करू, तुमच्याच वावरात टाकू, वरून कार्बन क्रेडिटचे (कार्बन हवेत जाऊ न देता जमिनीत ठेवल्याबद्दल कंपन्या देतात ते) पैसे मिळतील, फक्त इथं सही करा. सही नाही केली पण डोक्यात किडा वळवळून राहिला.

तर विचारायचं असं की हे घरच्या घरी होते का का मोठी भट्टी लागते, दुसरं म्हणजे आमच्या मातीच्या रिपोर्टात सेंद्रिय कर्ब 0.4 टक्के आलाय तो यानं वाढेल का अन् कापसाला काही फरक पडेल का, आणि हे कार्बनचे पैसे खरे असतात की नुसती हवा. ज्यांनी हातानं केलंय त्यांनी सांगा, फॉरवर्ड नका टाकू बाप्पा.

---

भोकरदनचा_गडी

भाऊ भट्टीबिट्टी काही लागत नाही, खड्ड्यात होतं. आम्ही पराटी आणि तुराट्या दोन्हीचं करतो.

खड्डा वरून पाचेक फूट रुंद, खाली निमुळता होत गेलेला, खोली कमरेपर्यंत. तळाला बारीक काटक्या रचायच्या आणि पेटवताना वरून पेटवायचं, खालून नाही, इथंच निम्मे लोक घोळ घालतात. जाळ धरला की पराटीचा पातळ थर टाकायचा. तो पेटून ज्वाळा वर आल्या आणि मग काड्यांवर पांढरी राख दिसायला लागली की लगेच पुढचा थर. ती पांढरी राख सांगते की आता टाक. उशीर केला तर कोळसा जळून राख होतो, घाई केली तर धूर होतो. वरचा जाळ येणारा सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतो म्हणून खालचा माल जळत नाही, नुसता भाजत राहतो, त्यातून निघणारा गॅससुद्धा वरच्या जाळातच जळतो. म्हणून नीट जमलं तर धूर जवळपास नसतोच. धूर दिसतोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, बहुतेक पराटी ओली आहे. काडी वाकवली की काडकन मोडली पाहिजे, वाकली तर अजून वाळू द्या.

असं थरावर थर करत खड्डा भरला की पाणी मारायचं. थोडंथोडकं नाही, आतपर्यंत गेलं पाहिजे. पाण्याची बोंब असेल तर वरून ओली माती टाकून दाबायचं आणि दुसऱ्या दिवशी उघडायचं, पण त्यात थोडा माल राख होतो.

हेच लोखंडी पत्र्याच्या शंकूत करतात त्याला कोन-टिकी म्हणतात, 2014 च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या इथाका इन्स्टिट्यूटच्या लोकांनी काढली ही पद्धत, डिझाइन सगळ्यांना मोकळं आहे, गावातला वेल्डर बनवून देतो. पत्र्याचा फायदा इतकाच की धुऱ्याधुऱ्यावर हलवता येतं. शिवाय हैदराबादच्या क्रीडानं (कोरडवाहू शेतीवालं केंद्रीय संशोधन केंद्र) 200 लिटरच्या तेलाच्या ड्रमची भट्टी बनवलेली आहे, तळाला भोकं पाडलेली, वरून झाकण. तीत पऱ्हाटी, मक्याची धांडं, तुराट्या सगळ्यांचा बायोचार त्यांनी करून पाहिलाय. ड्रममध्ये माल कमी मावतो आणि पराटी तोडून भरावी लागते, तो वैताग आहे, पण एकटा माणूस करू शकतो.

उतारा विचाराल तर 10 किलो वाळल्या पराटीतून 2-अडीच किलो. व्हिडिओत कोणी 5 किलो दाखवत असेल तर ते पाण्यासकट वजन आहे 😄

आणि एक, विझला असं वाटलं तरी विझलेला नसतो. पोत्यात भरून गोठ्याजवळ ठेवू नका लगेच. आमच्या शेजाऱ्याचं पोतं रात्री आपोआप धुमसायला लागलं होतं, कडब्याची गंज दहा हातावर.

---

गुऱ्हाळवाला (शिरोळ)

एवढा उपद्व्याप कशाला करायचा मी म्हणतो. आमच्याकडं उसाचं पाचट हेक्टरी 8-10 टन पडतं, आधी सगळे पेटवायचे, आता खोडव्यात सरीत दाबतात, वरून थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं कल्चर. पाणी वाचतं, तण कमी, गांडुळं दिसतात. भाजून अर्धं हवेत घालवायचं आणि मग उरलेलं जमिनीत टाकून कर्ब वाढवला म्हणायचं, हे गणित मला तरी कळत नाही.

पुण्याच्या आरती संस्थेनं पाचटाचा कोळसा करायची भट्टी बनवली होती, आनंद कर्व्यांची संस्था, 2002 ला त्यांना त्यासाठी लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार पण मिळालाय. पण ते चुलीच्या कांड्यांसाठी होतं, बायाबापड्यांना धूर कमी व्हावा म्हणून, जमिनीत गाडायला नाही. कोळसा करायचाच तर जाळायला करा, पैसे तरी होतील.

---

भोकरदनचा_गडी

गुऱ्हाळवाले, तुमच्याकडं पंचगंगा आहे. आमच्याकडं पराटीवर पाणी कोण मारणार कुजायला? लाकूड आहे ते, पाचट नाही. उन्हाळाभर तसंच पडून राहतं आणि जूनमध्ये पेरणीच्या वेळी पाभरीत अडकतं.

---

माती_तपासणारी (अकोला)

मी माती परीक्षणाच्या लॅबमध्ये काम करते, रोज हेच प्रश्न येतात म्हणून जरा लांबण लावते, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी गुऱ्हाळवाल्या दादांचं. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. भाजताना काडीतला साधारण निम्मा कर्ब गॅस होऊन जातो. पण कुजवलं तरी कर्ब जातोच, फक्त हळू जातो. पाचट किंवा शेणखत टाकलं की जिवाणू ते खातात आणि आपल्या उष्ण हवेत काही वर्षांत बहुतेक सगळं कार्बन डायऑक्साइड होऊन परत वर. ते खातात म्हणूनच पिकाला अन्न मिळतं, त्यामुळे ते वाईट नाही, उलट तेच हवंय. बायोचार जिवाणूंना खाता येत नाही (थोडासा भाग येतो, मोठा भाग नाही) म्हणून तो शेकडो वर्ष तसाच पडून राहतो. म्हणजे शेणखत हे पिकाचं जेवण आणि बायोचार म्हणजे फार तर ताट. ताटं वाढवून कोणाचं पोट भरत नाही. एकाऐवजी दुसरं टाकायचं हा विचारच चुकीचा आहे.

आता काळ्या जमिनीचं, आणि इथं मी थोडी नाराज करणार आहे. बायोचारचे जे भारी भारी रिझल्ट सांगतात ते जास्त करून आम्ल, हलक्या, निकस जमिनीतले आहेत. ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलात तिथल्या मूळ लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी तयार केलेली काळी माती सापडते, टेरा प्रेटा म्हणतात, तिचं उदाहरण प्रत्येक व्हिडिओत असतं. पण त्या लोकांनी नुसता कोळसा नव्हता टाकला, हाडं, माशांचे अवशेष, खरकटं, राख, मडक्यांच्या खापऱ्या, पिढ्यान् पिढ्या सगळं त्याच जागी पडत गेलं. आणि आजूबाजूची मूळ जमीन आम्ल आणि पावसानं धुपून पार निकस झालेली, म्हणून तो फरक डोळ्यात भरतो.

आपली काळी जमीन आधीच विम्लधर्मी (आम्लाच्या उलट), सामू (pH) 8 च्या आसपास किंवा वर, चुनखडी असेल तर विचारूच नका. बायोचारचा सामू पण 8 ते 10, कारण त्यात राख असते. म्हणजे जिथं जस्त आणि लोह आधीच पिकाला मिळत नाही तिथं आपण अजून चुन्यासारखाच माल टाकतोय. आणि पाणी धरून ठेवणं हा बायोचारचा मोठा गुण, पण भारी काळ्या जमिनीला पाणी धरायची अडचण कधी होती? तिची अडचण निचऱ्याची आणि भेगांची. मुरमाड, बरड, उताराची हलकी जमीन असेल तर तिथं टाका, तिथं दिसेल. वणीकरांनी सातच्या सात एकरात पसरायचा विचार सोडावा असं माझं मत.

कच्चा बायोचार तर कधीच टाकू नका. तो सच्छिद्र असतो, जमिनीतलं नत्र स्वतःकडे ओढून धरतो आणि पहिल्या हंगामात पीक पिवळं पडतं, मग लोक म्हणतात बायोचारनं वाटोळं केलं. आधी शेणस्लरीत, गोमूत्रात नाहीतर जीवामृतात भिजवा किंवा सगळ्यात सोपं म्हणजे गोठ्यात जनावराखाली टाका, मूत शोषून घेतो, वास कमी होतो, आणि मग शेणाबरोबर उकिरड्यात जातो. पावसाळ्याआधी खत म्हणून बाहेर काढायचा. वेगळी मेहनत नाही.

हाताला लागलेला कोळसा साध्या पाण्यानं धुतला गेला तर नीट भाजला गेलाय. साबण लागला, तेलकट चिकट वाटलं तर आत डांबर राहिलंय, तो पिकाला चांगला नाही.

शेवटचं, रिपोर्टातल्या 0.4 बद्दल. लॅबमध्ये सेंद्रिय कर्ब मोजायची जी नेहमीची पद्धत आहे (वॉकली-ब्लॅक) तीत डायक्रोमेट आणि आम्ल घालून कर्ब जाळतात. बायोचारचा कर्ब त्यात पूर्ण जळतच नाही. म्हणजे तुम्ही ट्रॉलीभर टाकला तरी रिपोर्टात तो अर्धवटच दिसणार, आणि जेवढा दिसेल तोही जिवंत कर्ब नाही, त्यातून नत्र सुटत नाही. तेव्हा 0.4 चा 0.8 झाला म्हणून युरिया कमी केला असं कोणी करू नका प्लीज.

---

वणीकर (यवतमाळ)

ताई, लय मोलाचं सांगितलं. गोठ्याची आयडिया जमण्यासारखी आहे, दोन बैल अन् तीन गाई आहेत. आमच्या टेकडीखालचं दीड एकर बरड आहे, तिथं तूर पण धड येत नाही, तिथं पाहतो.

---

राजापूरकर

वाचून गंमत वाटली. आमच्याकडे कोकणात भाताच्या तरव्यासाठी (रोपांसाठी) राब भाजतात तो काय वेगळा असतो? शेण, वर कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), त्यावर गवत-पातेरा, वरून बारीक माती पसरून पेटवायचं. ते पण धुमसतच राहतं, जाळ होत नाही. आजोबा सांगायचे राबाशिवाय तरवा चांगला येत नाही. मग आम्ही पिढ्यान् पिढ्या बायोचारच करत होतो म्हणायचं की काय?

दुसरं, आमची जांभ्याची जमीन, सामू साडेपाच-सहा, खत टाकलं की पावसात वाहून गेलं. ताईंच्या म्हणण्याप्रमाणे बायोचार खरा आमच्याच कामाचा दिसतोय. आंब्याची छाटणी, काजूची फाटी, नारळाच्या करवंट्या, सोडणं, चुडतं, माल तर ढीगभर आहे, आणि बागायतदार जूनच्या आधी सगळं पेटवून टाकतात.

---

माती_तपासणारी (अकोला)

राबात थोडा कोळसा उरतो हे खरं, पण मुख्य काम वेगळं. उष्णतेनं तणाचं बी आणि किडीची अंडी मरतात, राखेतलं पालाश मिळतं आणि माती भुसभुशीत झाल्यानं रोप उपटायला सोपं जातं. कर्ब साठवायचा म्हटलं तर राब फार तोट्याचा, धूरच जास्त. शिवाय कवळासाठी झाडं ओरबाडली जातात ते वेगळंच.

पण जांभ्याबद्दल अगदी बरोबर बोललात. आम्ल जमीन, धो धो पाऊस, खत न धरणारी माती, बायोचारला हेच हवं असतं. जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये आला होता, त्यात उष्ण कटिबंधात सरासरी 25 टक्के उत्पादन वाढलेलं दिसलं आणि थंड देशांत जवळपास काहीच नाही. त्याचं कारण बऱ्याच अंशी जमिनीचा आम्लपणा हेच होतं. करवंटीचा कोळसा उत्तम होतो. फक्त काजूच्या टरफलांपासून लांब राहा, त्यातलं तेल पेटलं की धूर डोळ्यांना आणि कातडीला फार वाईट. कलमाच्या आळ्यात शेणखताबरोबर मिसळून टाका, सगळीकडे पसरू नका.

---

हिशेबी_पुणेकर

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो. कार्बन मार्केटशी कामाचा संबंध आहे, कुठल्या कंपनीची जाहिरात करायची नाही, त्यामुळे सरळ हिशोब मांडतो.

पैसे खरे आहेत. बायोचारला हवामानवाले लोक हवेतून कार्बन काढून टाकण्याचा मार्ग म्हणून मान्य करतात, आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलाची समिती) अहवालात तो आहे. क्रेडिट द्यायला वेगवेगळ्या संस्थांचे नियम आहेत, हेलसिंकीची प्युरो, अमेरिकेची वेरा वगैरे. गूगलनं जानेवारी 2025 मध्ये वराह नावाच्या भारतीय कंपनीबरोबर 2030 पर्यंत 1 लाख टनाचा करार जाहीर केला, त्यात वेडी बाभूळ तोडून तिचा बायोचार करणार असं होतं. तेव्हा नुसती हवा नाही.

आता वणीकरांचा हिशोब. सात एकर पऱ्हाटी, एकरी टनभर धरू, म्हणजे 7 टन. त्यातून बायोचार दीड टन. त्यात कर्ब 70 टक्के, म्हणजे साधारण 1 टन. कर्बाचा कार्बन डायऑक्साइड करायला 3.67 नं गुणायचं (44 भागिले 12, बारावीची केमिस्ट्री), म्हणजे झाले साडेतीन-पावणेचार टन. त्यातून कालांतरानं कुजणारा भाग वजा, भट्टीतून निसटलेला मिथेन वजा, वाहतूक वजा, हातात उरले समजा अडीच-तीन टन. बायोचारच्या क्रेडिटला टनाला शंभर डॉलरच्या पुढं भाव मिळतो. म्हणजे वर्षाला पंचवीस-तीस हजार रुपये झाले, बरोबर?

तर नाही. हे सगळे पैसे तुमचे नाहीत. कंपनी नोंदणी करते, प्रत्येक भट्टीचा फोटो, लोकेशन, ओलावा, वजन मोजते, लॅबला नमुने पाठवते, बाहेरचा ऑडिटर येतो, त्या सगळ्याचा खर्च त्यातूनच जातो. शेतकऱ्यापर्यंत येतो तो पऱ्हाटीचा भाव, नाहीतर मजुरी, नाहीतर फुकट बायोचार. काही ठिकाणी क्रेडिटमधला हिस्सा देतात, काही ठिकाणी नाही. ज्या माणसानं तुमच्यापुढं कागद धरला त्याला एवढंच विचारा की क्रेडिट कोणाच्या नावावर, मला नक्की किती आणि कधी, करार किती वर्षांचा, आणि मध्येच मी पऱ्हाटी दुसऱ्याला विकली तर काय. कागद मराठीत मागा. उत्तर गोलगोल आलं तर चहा पाजून वाटेला लावा.

आणि एकट्या शेतकऱ्याला स्वतः क्रेडिट काढता येईल हे डोक्यातून काढून टाका, नोंदणीचाच खर्च झेपणार नाही. एफपीओ (शेतकरी उत्पादक कंपनी) करून शे-दोनशे शेतकरी असतील तर बोलायला जागा राहते.

मिथेनचं जरा जास्त सांगतो कारण इथंच बायोचार स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ शकतो. ओली पऱ्हाटी टाकली, धूर झाला, तर त्या धुरात मिथेन असतो आणि शंभर वर्षांच्या हिशोबानं तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा 27-28 पट जास्त तापवतो. म्हणजे धुराचा बायोचार करून तुम्ही हवेचं भलं करताय की वाटोळं हे सांगता येत नाही. गडी भाऊंनी वर जे लिहिलंय, काडकन मोडली पाहिजे, तो कार्बनच्या हिशोबातला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे खरं तर.

---

गुऱ्हाळवाला (शिरोळ)

म्हणजे गूगलनं विमानानं फिरायचं, कॉम्प्युटर तापवायचे, आणि आम्ही उन्हात खड्ड्यापुढं उभं राहून त्यांचा धूर मातीत गाडायचा. झकास.

---

हिशेबी_पुणेकर

बोललात ते काही खोटं नाही. पण पऱ्हाटी तशीही पेटवली जातेच आहे. त्या जाळण्यातून कोणाला दमडी मिळत नाही आणि वर धूर गावातच राहतो. मी तेवढ्यापुरताच बायोचारच्या बाजूनं आहे, जे आज उघड्यावर जळतंय त्याच्यापुरता. तुमचं पाचट सरीत कुजतंय तर कुजू द्या, त्याला हात लावायची गरज नाही.

---

बचतगट_हिंगणघाट

सगळे भाऊ लोक हिशोब करून राहिले, दोन शब्द आमचे पण ऐका. वणीकर भाऊ म्हणतात गॅस आल्यापासून बाया पऱ्हाटी नेत नाहीत. नेतात भाऊ. तुमच्या धुऱ्यावरून कमी नेत असतील. सिलिंडर घरात आहे पण दुसऱ्यांदा भरायला पैसे नाहीत, असं आमच्या गटातल्या कितीतरी घरात आहे. आंघोळीचं पाणी, भाकरी, अजून चुलीवरच होते अन् चुलीत जाते ती पऱ्हाटीच. उद्या पऱ्हाटीला भाव आला, कंपनीचा ट्रॅक्टर धुऱ्यावरून उचलून न्यायला लागला, तर ज्यांना स्वतःचं वावर नाही त्यांनी काय जाळावं? आधीच कांडी कोळशाचे कारखाने अन् थर्मल प्लँट पऱ्हाटी मागून राहिले. तर ढीग पेटवायच्या किंवा विकायच्या आधी विचारून घ्या, कोणाला पाहिजे का.

दुसरं म्हणजे हे काम कोण करते? खड्ड्यापाशी उभं राहून थर टाकणं, मार्च महिन्याच्या उन्हात, तोंडावर जाळ. आमच्याकडं एका ठिकाणी हे काम बायांना दिलं होतं, मजुरी निंदणाएवढीच, अन् तोंडाला बांधायला दुपट्टा ज्याचा त्याचा. पहाटे सुरू करा, दहाच्या आत संपवा. विझवून झाल्यावर कोळसा फोडायचा तो ओला असतानाच फोडा, वाळला की धूळ छातीत जाते.

बाकी बायोचार चांगला का वाईट मला माहीत नाही. आमच्या गटाच्या नर्सरीत पिशव्यांच्या मातीत शेणखताबरोबर थोडा मिसळतो, पिशवी हलकी होते अन् उन्हाळ्यात एका पाण्याचा फरक पडते, एवढं मी सांगू शकते.

---

वणीकर (यवतमाळ)

ताई तुमचं बरोबर आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आमच्या गड्याच्या घरी विचारतो आधी, त्याला पाहिजे तेवढी काढून ठेवतो.

मग आता माझा बेत असा. चारचाकीवाल्याला फोन करून कराराचा कागद मराठीत मागतो, दिला तर इथं टाकतो, हिशेबीभाऊंनी पाहावा. सरपणाची वेगळी करून उरलेल्या पऱ्हाटीचा खड्ड्यात बायोचार करायचा, गोठ्यात टाकायचा अन् पावसाच्या आधी खतासंगं बरडावर न्यायचा. काळ्यात सध्या नाही. बरडावर सगळीकडं पसरवू की तुरीच्या ओळीतच टाकू? दीड एकराला किती लागेल?

अन् गडीभाऊ, पाण्याचं काय करावं? विहीर आहे पण वावरापासून दूर, मार्चमध्ये तळ गाठते. मातीनं दाबला तर किती माल जाते?

---

माती_तपासणारी (अकोला)

ओळीतच टाका. प्रयोगात हेक्टरी 5-10 टन टाकतात ते संशोधन केंद्राला परवडतं, तुमच्याकडे सगळा मिळून दीड टन निघणार. जिथं बी पडतं त्या पट्ट्यात, चार बोटं खोल, शेणखताबरोबर. वर उघडा ठेवू नका, हलका असतो, पहिल्याच वळवाच्या पावसात वाहून धुऱ्याला लागेल. आणि दोन-चार ओळी नुसत्या शेणखताच्या ठेवा, बायोचार न टाकता, खुंटी रोवून खूण करा. नाहीतर तूर चांगली आली तर ती पावसानं आली की कशानं हे कधीच कळणार नाही. एकदाच टाकायचंय, दरवर्षी टाकायची गरज नसते.

---

भोकरदनचा_गडी

मातीनं दाबला तर किती जातो ते तुमच्या हातावर आहे. फट राहिली तर सगळा जातो, सकाळी उघडलं की पांढरी राख. वरून आधी हिरवा पाला किंवा ओली पोती टाका, त्यावर माती, आणि कडेनं चालत पायानं दाबत जा, जिथनं धूर निघतोय तिथं अजून टाका. तासाभरानं परत येऊन बघा. उघडताना बादलीभर पाणी जवळ असूच द्या, हवा लागली की परत लाल होतो.

त्यापेक्षा फवारणीचा 200 लिटरचा ड्रम असेल ना, तो भरून बैलगाडीत नेऊन ठेवा. खड्डा लहान केला, तीन-साडेतीन फुटाचा, तर एका ड्रमात भागतं. त्या पाण्यातच शेण कालवून घ्या म्हणजे विझवणं आणि भिजवणं एकाच वेळी होतं. फक्त पहिलं पाणी ओतताना वाकून बघू नका, वाफ एकदम तोंडावर येते.